घिसाचा पाहुणचार

घिसाचं नाव मी पहिल्यांदा घरात घेतलं तेव्हा माझा नवरा रुपेश लॅपटॉपमधून डोकं न काढता म्हणाला, "घिसा? म्हणजे घिसा-पिटातला?" मी हसले नाही. बारा तासांची ड्युटी करून आल्यावर हसायलाही जोर लागतो.

त्याचं पूर्ण नाव घिसा अग् अखमदू. 'अग्' म्हणजे अमक्याचा मुलगा. आपण मधे वडलांचं नाव लावतो तसंच. पन्नाशी ओलांडलेला, आणि इतका उंच की आमच्या केअर होममधले पडद्यांचे हुक स्टूल न घेता लावायचा. आफ्रिकेतल्या माली देशाच्या उत्तरेचा, जातीनं तुआरेग. म्हणजे सहाराच्या वाळवंटात शेळ्या-उंट घेऊन हिंडणारे लोक. रुपेशला त्या नावाची एक गाडी तरी माहीत होती. मला तेवढंही माहीत नव्हतं.

केअर होम डब्लिनच्या सँट्री भागातच, आमच्या अपार्टमेंटपासून चालत पंधरा मिनिटांवर. मी तिथे हेल्थकेअर असिस्टंट. म्हाताऱ्यांना उठवायचं, आंघोळ घालायची, भरवायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची. नागपूरला मी ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवत होते. रुपेशच्या नोकरीपायी इकडे आले, दोन वर्षं घरात बसले, मग एक कोर्स केला आणि हे काम धरलं. घिसा साफसफाईला होता. पहिलं वर्षभर आमचं बोलणं म्हणजे सकाळी "मॉर्निंग" आणि "कशी आहेस?"ला "ग्रँड". इथे माणूस मरायला टेकला तरी ग्रँडच असतो.

मग दोन हजार वीसचा एप्रिल आला.

आमच्याकडे अठ्ठेचाळीस रेसिडेंट होते. पहिल्या आठवड्यात अकरा जण पॉझिटिव्ह निघाले. स्टाफमधले निम्मे एक तर आजारी, नाहीतर घरी चौदा दिवस बंद. घिसाच्या हातातला मॉप काढून त्याच्या हातात पेज भरवायचा चमचा दिला गेला. कुणी त्याला शिकवलं नाही. मी एकदा दारातून पाहिलं, तर एका आजीची मान डाव्या हाताच्या पंज्यावर पेलून तो तिला इतक्या सावकाश भरवत होता की मलाच घाई झाली. मला अजून सहा खोल्या बाकी होत्या.

स्टाफरूममध्ये एका वेळी दोघांनाच बसायची परवानगी होती. त्यामुळे ब्रेकला आम्ही स्वयंपाकघरामागच्या आवारात जायचो, कचऱ्याच्या मोठ्या डब्यांशेजारी. एक दिवस मी तिथे गेले तर घिसा पालथ्या क्रेटसमोर उकिडवा बसला होता. क्रेटवर कॅम्पिंगचा छोटा गॅस, त्यावर मुठीएवढी निळी, टवके उडालेली इनॅमलची किटली, आणि बाजूला काचेचे तीन पेले. आपल्याकडे टपरीवर कटिंग देतात त्याहूनही लहान.

"बस," तो म्हणाला. आम्ही इंग्रजीतच बोलायचो. त्याचं फ्रेंच वळणाचं, माझं नागपुरी.

मी सवयीनं म्हणाले, "नको, आत्ताच झाला." झाला बिला काही नव्हता. पण आपल्याकडे पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. आयरिश लोकांचंही तेच. आमची मेट्रन ऑर्ला तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय चहाला हो म्हणायची नाही.

घिसानं माझ्याकडे पाहिलं. "मी तुला विचारलेलं नाही. मी ओतलाय."

त्यानं किटली खांद्याच्या उंचीवर नेली आणि तिथून बारीक धार त्या पेल्यात सोडली. एक थेंब बाहेर नाही. मग पेला परत किटलीत उपडा केला. पुन्हा ओतला. पुन्हा परत. सात-आठ वेळा. पेल्यावर फेस जमला तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं. पेला क्रेटच्या कडेवर ठेवून तो दोन मीटर मागे सरकला, मी पुढे होऊन उचलला.

कडूजहर! हिरव्या चहाची गोळी-गोळी पत्ती असते, ती त्यानं पार रस निघेस्तोवर उकळली होती. माझा चेहरा पाहून तो म्हणाला, "हा पहिला आहे."

"म्हणजे?"

"तीन असतात. त्याच पत्तीचे. पहिल्यानंतर पाणी घालायचं, साखर घालायची, पुन्हा उकळायचं. मग तिसरा. तिसरा झाल्याशिवाय कुणी उठत नाही. उठला तर घरधन्याचा अपमान."

"किती वेळ लागतो?"

"दोन तास. कधी तीन."

मी घड्याळ पाहिलं. माझ्या ब्रेकची अकरा मिनिटं उरली होती. त्यानंही पाहिलं. मग किटलीवर झाकण ठेवत म्हणाला, "दुसरा दीडला."

अशी ती पद्धत पडली. पहिला साडेदहाला, दुसरा दीडला, तिसरा संध्याकाळी पाचला. मधल्या वेळात किटली डब्यांच्या मागच्या कोनाड्यात झाकून असायची. घरी गेल्यावर मी इंटरनेटवर वाचलं की पहिला पेला मृत्यूसारखा कडू, दुसरा आयुष्यासारखा, तिसरा प्रेमासारखा गोड, असं ते लोक म्हणतात. दुसऱ्या दिवशी मोठ्या कौतुकानं मी ते त्याला ऐकवलं. तो कंटाळून म्हणाला, "हे सगळेच सांगतात. प्रत्येक जण वेगवेगळ्या क्रमानं. अगं, पहिला कडू कारण पत्ती नवी असते. तिसरा गोड कारण पत्तीत काही उरलेलं नसतं, आणि साखर वाढलेली असते. माझी आई एवढंच सांगायची."

केमिस्ट्रीच्या बाईला हे पटण्यासारखंच होतं.

त्या महिन्यात मास्कनं आमच्या नाकावर, कानांमागे जखमा झाल्या. घिसाला मात्र मास्कचा जाच नव्हता. "अठराव्या वर्षी घरच्यांनी मला डोक्याचं कापड बांधलं," तो म्हणाला. "निळं, पाच-सहा मीटर. आमच्यात पुरुष तोंड झाकतात, बायका नाही. वडीलधाऱ्यांसमोर, परक्या बाईसमोर तोंड दाखवणं निर्लज्जपणाचं. इथे आलो तेव्हा पहिलं वर्षभर मला रस्त्यात उघडं उघडं वाटायचं. आता सगळं डब्लिन माझ्यासारखं झालं." चहा पितानाही तो माझ्याकडे पाठ करायचा, मास्क जरासा उचलून पेला खालून आत न्यायचा आणि सुर्रकन आवाज करायचा. आवाज करणं त्यांच्यात चांगलं समजतात. माझ्या सासरी असा आवाज केला असता तर बोलणी बसली असती.

आवाराकडे खिडकी असलेल्या खोलीत मिस्टर टायनन होते. ऐंशी पार केलेले, पूर्वीचे बस ड्रायव्हर. पलंग उंच केला की त्यांना आमचा क्रेट दिसायचा. त्यांनी मला विचारलं, "तो 'युअर मॅन' तिकडे काय गाळतोय? दारू?" 'युअर मॅन' म्हणजे इथल्या बोलीत 'तो अमका गडी'. मी सांगितलं, चहा. त्यांचा विश्वास बसला नाही. "चहाला इतका वेळ?" त्यानंतर घिसानं धार सोडली की मिस्टर टायनन खिडकीतून आपला दुधाळ चहाचा मग उचलून दाखवायचे, आणि घिसा छातीवर हात ठेवून मान लववायचा. हे दहा-बारा दिवस चाललं. मग त्यांना ताप आला. मुलगी फोनवर बोलली, तो फोन त्यांच्या कानाशी मी धरला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. घिसानं ती खोली पुसून काढली, मग पाच वाजता आवारात येऊन किटलीत पाणी ओतलं. त्या आठवड्यात तो सहावा पलंग होता. रडण्याइतकी ताकद कुणातच नव्हती.

मे महिन्यात जरा उसंत मिळाली तेव्हा मी त्याला म्हणाले, "सगळं संपलं की तुझ्या घरी तिन्ही पेले सलग पिऊ."

त्यानं पत्तीच्या डबीचं झाकण घट्ट फिरवलं. मग म्हणाला, "मला घर नाही."

तो आश्रय मागायला आलेला होता. चार वर्षांपूर्वी. शहराबाहेरच्या एका सेंटरमध्ये चार पुरुषांच्या खोलीत राहायचा. चौघं चार देशांचे. जेवण कँटीनमध्ये, ठरलेल्या तासाला, ताट हातात घेऊन रांगेत. खोलीत शेगडी, किटली, काही चालायचं नाही. कुणी भेटायला आलं तर रजिस्टरवर सही करून खालच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचं, पाहुण्याला पाणी द्यायचं तर मशीनमधून बाटली काढायची. साथीच्या काळात आरोग्य खात्यानं त्याच्यासारख्या कामगारांना हॉटेलच्या खोल्या दिल्या होत्या, पण त्याही तात्पुरत्या, आणि तिथेही दाराशी 'व्हिजिटर्सना मनाई'.

"आमच्याकडे," तो म्हणाला, "लांबून माणूस येताना दिसला की बायका आधी पाणी काढतात. तू कोण, कुठून आलास, काय काम, हे विचारत नाहीत. पाणी, मग दूध, मग चहा. तिसरा पेला झाला की तो स्वतःहून सांगेल तर सांगेल. एकदा माझ्या वडलांकडे एक माणूस तीन दिवस राहिला, शेळी कापली त्याच्यासाठी, आणि गेला. नाव सांगितलंच नाही त्यानं. वडलांनी विचारलंही नाही." मग किटलीकडे बघत म्हणाला, "इथे चार वर्षांत मला हजार प्रश्न विचारले. मी ज्यांना बसवून चहा पाजला असे लोक एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. आणि तू धरून सगळ्यांना कचऱ्याच्या डब्यापाशी."

त्याची बायको आणि दोन मुली तिकडे, नायजरच्या सीमेजवळच्या निर्वासितांच्या छावणीत होत्या. थोरलीला त्यानं शेवटचं पाहिलं तेव्हा ती मुक्ताएवढी होती. मुक्ता म्हणजे आमची लेक, तेव्हा नऊ वर्षांची.

वर्ष तसंच गेलं. उन्हाळ्यात जरा सैल, ऑक्टोबरात पुन्हा बंद, ख्रिसमसला सैल, जानेवारीत पुन्हा बंद आणि पुन्हा पलंग रिकामे. लसी आल्या. आम्हा दोघांना एकाच दिवशी टोचल्या, आणि दोघंही त्या दिवशी ड्युटीवर होतो. फेब्रुवारीत घिसाचे कागद मंजूर झाले. मार्चमध्ये त्याला ब्युमॉन्टला एका बाईंच्या घरात खालची खोली मिळाली. स्वतःचं दार, स्वतःचा ओटा, मागे हातरुमालाएवढं परसू. किल्ली त्यानं मला दाखवली. नुसती हातावर धरून.

"मग? कधी येऊ?" मी विचारलं.

तेव्हा घरी कुणाकडे जायची बंदी होती. देशभर. दुसऱ्याच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही. पाच वर्षांनी ह्या माणसाच्या हातात दार आलं, आणि त्यातून कुणाला आत घेता येत नव्हतं. मला वाटलं तो चिडेल. तो म्हणाला, "बरं आहे. तोवर चटई शोधतो."

एप्रिलमध्ये माझा भाऊ गेला.

शैलेंद्रदादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. नागपूरला बॅटऱ्यांचं दुकान. त्या महिन्यात नागपुरात काय चाललं होतं ते सांगायला नको. सोमवारी ताप, शुक्रवारी बेडसाठी फोनाफोनी, रविवारी पहाटे सगळं आटोपलं. वहिनी स्वतः पॉझिटिव्ह. अंत्यविधीला महापालिकेची माणसं आणि लांब उभा राहिलेला एक मित्र. मला त्या मित्राचा फोन आला तेव्हा मी ड्युटीसाठी बूट घालत होते. मी ते काढून परत रॅकवर ठेवले. एवढंच आठवतं.

मग फोन सुरू झाले. प्रत्येकाला तेच हवं होतं. कोणतं हॉस्पिटल? ऑक्सिजन किती होता? इंजेक्शन मिळालं का? आधीच का नाही नेलं? लोक वाईट नसतात, त्यांनाही भीती वाटत असते, पण दुसऱ्या दिवसापर्यंत मी ती उत्तरं पाढ्यासारखी म्हणत होते. डब्लिनच्या मराठी ग्रुपवर दोनशे हात जोडलेले आले. मुक्ताच्या मैत्रिणीच्या आईनं, प्रमोदिनीनं, दारात वरण-भाताचा डबा ठेवला आणि बेल वाजवून खाली पळाली. नियम तसा होता. मी झोपत नव्हते आणि जागीही नव्हते.

शनिवारी दुपारी मुक्ता खिडकीशी उभी होती. म्हणाली, "मॅम, युअर मॅन फ्रॉम वर्क इज डाउनस्टेअर्स. ही हॅज अ कार्पेट."

इमारतीच्या मागच्या अंगणात, सायकल स्टँडच्या बाजूला, घिसानं चटई अंथरली होती. डोक्याला निळं कापड, तोंड त्यातच झाकलेलं. मास्कऐवजी त्याला कापडात मी पहिल्यांदाच पाहत होते. ओळखूच आला नाही. दोन घरांनी उघड्यावर भेटायची परवानगी त्याच आठवड्यात मिळाली होती. तो ब्युमॉन्टहून पिशवी खांद्यावर टाकून चालत आला होता.

मी खाली गेले. त्यानं "बस" म्हटलं नाही, नुसतं चटईचं एक टोक सरळ केलं. मी बसले. त्यानं गॅस पेटवला.

पाणी उकळायच्या आत वरच्या बाल्कनीतून एक माणूस ओरडला, "इथे जाळ करायची परवानगी नाही! मॅनेजमेंटला कळवतो मी!" घिसा थांबला आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात रुपेश जिन्यातून बाहेर आला. माझा नवरा कधी कुणाशी भांडत नाही. रेस्टॉरंटमध्ये चुकीची भाजी आली तर तीच खातो. तो अंगणाच्या मधोमध उभा राहिला आणि वर बघून म्हणाला, "तो आमचा पाहुणा आहे. माझ्या बायकोचा भाऊ वारलाय. पाण्याची बादली इथे आहे. कळवायचं तर कळवा, फ्लॅट नंबर चोवीस." खरंच बादली घेऊन आला होता. तो माणूस "सॉरी फॉर युअर ट्रबल," म्हणाला आणि आत गेला. कुणी गेल्यावर आयरिश लोक हेच म्हणतात.

रुपेश चटईच्या टोकाला बसला. घिसानं पहिला पेला आधी मला दिला, मग त्याला. रुपेशनं तोंड वाकडं केलं नाही.

घिसानं काहीच विचारलं नाही. भाऊ कसा गेला, किती वर्षांचा, मुलं किती, काही नाही. पहिला झाला. त्यानं किटलीत पाणी आणि साखर घातली. ढग आले, गेले. दुसरा झाला. सहा दिवसांत पहिल्यांदा मला कुणाला काही सांगायचं नव्हतं. माझे खांदे खाली आले तेव्हा कळलं की इतके दिवस ते वर चढून बसले होते.

तिसरा उकळायला लागला आणि मी आपणहून बोलायला लागले. दादा रोज सकाळी गुलाबाच्या फुलाचं गुड मॉर्निंग पाठवायचा. मला त्याचा वैताग यायचा. शेवटचं फूल मी उघडून पाहिलंच नव्हतं. त्याला चहा जराही कोमट चालायचा नाही. दुकानात चारदा गरम करून घ्यायचा आणि तरी अर्धा कप ठेवून गिऱ्हाइकाकडे पळायचा. वहिनी म्हणायची, तुमच्या आयुष्यात एक कप तरी पूर्ण प्या. मी मराठीत बोलत होते हे मला नंतर रुपेशनं सांगितलं. घिसाला एक शब्द कळला नसेल. तो ऐकत होता, आणि धार सोडताना त्याचा हात नेहमीपेक्षा सावकाश चालत होता.

जाताना त्यानं चटई गुंडाळली, छातीवर हात ठेवला, आणि सोमवारी साडेदहाला आवारात भेटू म्हणाला. तो येऊन दोन तास चाळीस मिनिटं झाली होती.

जूनमध्ये घरांचे उंबरे उघडले. घिसानं आम्हाला रविवारी दुपारी बाराला बोलावलं. आम्ही वेळेवर पोहोचलो, तर तो फाटकाशी उभा. वरच्या घरमालकीण बाई म्हणाल्या, "अकरापासून उभा आहे हा. मला तीनदा विचारलं, बस वेळेवर असते ना."

परसात चटई, चटईवर दोन उशा, आणि ह्या वेळी गॅस नव्हे, छोट्या शेगडीत खरे कोळसे. खजूर, खारे शेंगदाणे, पुदिन्याची जुडी. आम्ही शाकाहारी म्हणून त्यानं रव्याची जाड भाकरी केली होती. ती त्यांच्याकडे गरम वाळूत पुरून भाजतात, इथे ओव्हनमध्ये. भाजीच्या रश्श्यात कुस्करून सगळ्यांनी एका परातीतून खायची. मुक्ताला ते भलतंच आवडलं. घिसा स्वतः जेवला नाही. आमचं होईस्तोवर उभा राहून वाढत होता. मी म्हणाले, "अरे बस ना." तो म्हणाला, "आज नाही."

मग अताय. ते लोक चहाला अताय म्हणतात. पहिला पेला मी घेतला. दुसरा घेतला. त्या आठवड्यात स्टाफ कमी होता आणि मी सलग पाच दिवस बारा-बारा तास केले होते. ऊन पाठीवर येत होतं. कोळशांचा वास, मुक्ताचं घिसाला कॅमोगीची, म्हणजे इथल्या मुलींच्या हॉकीसारख्या खेळाची, काठी कशी धरतात ते समजावणं, किटलीचा बारीक खदखदणारा आवाज. उशीला जरा टेकू म्हणून मी टेकले.

डोळे उघडले तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. माझ्या अंगावर त्याचं निळं कापड होतं. रुपेश भिंतीला टेकून घोरत होता. मुक्ता घरमालकीण बाईंच्या कुत्र्याशी खेळत होती. तिसरा पेला न पिता मी झोपले, यजमानाच्या तोंडासमोर. शरमेनं मी ताडकन उठून बसले.

"किती वाजले?"

"सव्वाचार."

"घिसा, मला उठवायचं ना! तिसरा—"

"ती पत्ती फेकली," तो म्हणाला. "तू उठशील तेव्हा पहिल्यापासून लावावा म्हणून थांबलो." त्याच्या डोक्यावर आता काही नव्हतं. विरळ पांढरे केस, आणि तोंड उघडं. मी त्याचं पूर्ण तोंड इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. खालचा एक दात नव्हता. तोही फार दमलेला दिसत होता. बहुधा नेहमीच दिसत असेल. त्यानं नवी पत्ती पाण्यात धुतली, कोळसे फुंकले. आम्ही साडेसातला निघालो.

सप्टेंबरमध्ये त्याला पार दक्षिणेला, कॉर्क शहराजवळच्या रिंगास्किडीला, एका औषध कंपनीच्या गोदामात नोकरी लागली. कायमची, आठ तासांची, रविवारी सुटी. बायको-मुलींना आणायच्या अर्जासाठी कायमची नोकरी बरी, असं त्याला वकिलानं सांगितलं होतं. शेवटच्या दिवशी ऑर्लानं केक आणला. घिसानं सगळ्या रेसिडेंटच्या खोल्यांत जाऊन एकेकाचा हात हातात घेतला. त्यातले सतरा नवे होते.

महिन्यातून एकदा त्याचा फोन येतो. तिकडे बंदरावरून वारा फार येतो, परसात शेगडी टिकत नाही, म्हणून त्यानं पत्रा उभा केलाय. शेजारी एक पोलिश म्हातारा राहतो, तो रोज संध्याकाळी आपली खुर्ची घेऊन येतो. नोव्हेंबरच्या फोनमध्ये म्हणाला, अर्जावर अजून एक फॉर्म मागितलाय. थोरल्या मुलीची जन्मतारीख कागदोपत्री सिद्ध करा. छावणीत कसला आलाय जन्मदाखला? ती पावसाळ्यानंतर जन्मली, एवढंच घरी माहीत. मी रुपेशला विचारलं, रुपेशनं ऑफिसमधल्या एका वकिलाला विचारलं, आणि तिघांनी मिळून एक शपथपत्र तयार करून पाठवलंय.

आम्ही सगळेच उत्तराची वाट पाहतोय. माझी ड्युटी सध्या पुन्हा लांबली आहे. डिसेंबरात परत स्टाफ कमी पडलाय.